मेंढा माझ्या पोटात होता

मी टीव्हीखालचा काळा डबा बोलतोय. शिकलेली माणसं मला सेटटॉप बॉक्स म्हणतात. पण जत तालुक्यातल्या ज्या वाडीवर माझं म्हातारपण गेलं, तिथं मला कुणी तसं हाकारलं नाही. "डबा लाव," "डबा बंद कर," एवढंच. मला ते बरं वाटायचं. डबा म्हटलं की आत काहीतरी ठेवलेलं असणार असं वाटतं. आणि माझ्यात ते होतंच.

मला लिहिता-वाचता येत नाही. वरून आलं ते घेतलं, घरच्यांनी मागितलं ते दिलं, एवढीच माझी विद्या. तेव्हा सांगताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. सावकाश सांगतो. घाई मला कधी जमलीच नाही. बटण दाबल्यावर चित्र दाखवायला मला एवढा वेळ लागायचा की तोवर चहाला उकळी यायची, आणि त्यावरून मी लय बोलणी खाल्ली.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. आठवतो तो ट्रक. खंबाटकीचा घाट चढताना ट्रक असा कण्हत होता की आम्ही सगळे डबे खोक्यात एकमेकांना टेकून बसलो होतो. खंडाळा मागं पडलं, साताऱ्याच्या गोदामात उतरलो, आणि तिथून इस्लामपूरच्या दुकानात. माझ्या पोटात एक फिरती चकती होती. टीव्हीवर चाललेलं काहीही तिच्यात जपून ठेवता यायचं. साध्या डब्यांना ती नसते. त्यामुळं दुकानात मला वरच्या फळीवर ठेवलं होतं आणि मला थोडा ताठा आला होता. खोटं कशाला बोलू.

पहिले मालक हंबीरराव. पलटणीतून रिटायर झालेले, इस्लामपूरजवळ मळ्यात घर, चारी बाजूंनी ऊस. त्यांना कुस्तीचं वेड. मैदान टीव्हीवर आलं की माझ्यात भरून ठेवायचं, आणि दुपारी जेवून परत बघायचं.

त्यांची बायको मनुबाई वैतागायची. "आवं, त्यो पैलवान काल पडला, आजबी पडतोय. उद्या काय उठणार हाय व्हय?"

"तू गप. ह्यात डाव बघायचा असतोय."

"डाव बघा न्हाईतर काय बी बघा. माझी मालिका तेवढी पुसू नगा."

मी दोघांचं ठेवायचो. कुस्ती आणि मालिका माझ्या पोटात शेजारी शेजारी झोपायच्या. त्यांच्यात कधी भांडण झालं नाही.

आता माझ्या कामाची एक गोष्ट सांगतो. ती ऐकून घ्या, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडलं.

आभाळातल्या उपग्रहाकडून येणारं चित्र अख्खं येत नाही. अख्खं पाठवायचं म्हटलं तर वाट पुरायची नाही. म्हणून ते घड्या घालून, दाबून पाठवतात. कसं, तर गावाकडून आलेला पाहुणा खबर सांगतो तसं. देऊळ जागेवर आहे, विहीर जागेवर आहे, असं तो सांगत बसत नाही. काय बदललं तेवढंच सांगतो. मलाही वरून तसंच कळवतात. मागची भिंत तीच, बाईचे ओठ तेवढे हलले. मग मी भिंत जुनीच ठेवतो आणि ओठ नवे काढतो. त्यामुळं जे उभं राहतं ते माझ्यात हळूहळू निवळत जातं, स्वच्छ दिसतं. आणि जे धडपडतं, उसळतं, त्याच्यामागं पळताना माझी दमछाक होते. मग पडद्यावर नुसते चौकोन चौकोन दिसतात. पैलवानानं नेमका डाव टाकला की तेच व्हायचं आणि हंबीरराव ओरडायचे, "आरं, आत्ताच कशाला चौकटी दावतुयास!"

ह्या घड्या घालण्याच्या रीतीला एमपेग म्हणतात. माझी रीत दोन नंबरची, जुनी. पुढं चार नंबरची आली, ती तेवढ्याच पेटीत दुप्पट कपडे बसवणारी.

आणि माझ्या चकतीत जे ठेवाल ते माझ्यातच बघायचं. बाहेर काढता येत नाही. त्याला कुलूप असतं. कंपनीनं दिलेलं माझं कार्ड माझ्या तोंडात आणि छतावरच्या छत्रीची, म्हणजे डिशची, वायर माझ्या पाठीला, असं असेल तरच ते कुलूप उघडतं.

हंबीररावांच्या लेकानं मोठा टीव्ही आणि नवा डबा आणला, तेव्हा मी कोपऱ्यात गेलो. त्याच वर्षी ऊस तुटल्यावर त्यांच्या रानात जतकडचा एक धनगर मेंढरं बसवायला आला होता. सयाजी त्याचं नाव. दरसाल उन्हाळ्याच्या आधी जतकडचे धनगर मेंढरांची खांडं, म्हणजे कळप, घेऊन पाण्याच्या मुलखाकडं येतात. रात्रीची मेंढरं रानात बसली की जमिनीला खत होतं, आणि धनगराला धान्य मिळतं. हंबीररावांनी त्याला पोतंभर गहू दिला आणि वर मलाही दिलं.

"ने रं सयाजी. चालतुय अजून. म्हातारीला घरात करमल."

असा मी घोंगड्यात गुंडाळून, घोड्याच्या पाठीवरून, वाडीवर आलो.

घरात तीन माणसं. सयाजी, त्याची आई बनुबाई आणि बायको अपेक्षा. सयाजी निम्मं वर्ष मेंढरांमागं. घरी सासू आणि सून. टँकरची वाट बघायची, शेळ्या बघायच्या, आणि दिवेलागणीला मला लावायचं. रिमोट अपेक्षाच्या हातात असायचा. ती बारावीपर्यंत शिकली होती आणि माझ्या पोटात काय काय आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. बनुबाई दसऱ्याला माझ्यावर भंडारा उधळायची. तो माझ्या जाळीतून आत जायचा आणि मला शिंका आल्यासारखं व्हायचं. पण एवढ्या मायेनं माझी पूजा आधी कुणी केली नव्हती, त्यामुळं मी सोसलं.

ह्या घराचा जीव एका मेंढ्यात होता. गुळव्या त्याचं नाव. माडग्याळ जातीचा, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं नाक, पांढरा रंग आणि पाठीवर गुळाच्या ढेपेएवढा तांबूस डाग. जन्मला तेव्हा त्याची आई मेली. बनुबाईनं त्याला शेळीच्या दुधावर, बाटलीनं, मांडीवर घेऊन वाढवला. खांडातली निम्मी कोकरं त्याची. तो दारात आला की म्हातारीच्या हातातली भाकरी ओढायचा आणि ती म्हणायची, "खा, मुडद्या, खा. माझ्या वाटणीची बी खा."

त्याचा फोटो मात्र कुणाला काढू द्यायची नाही. मोबाइल वर केला की ओरडायची. "दृष्ट लागंल! ठीव त्ये डबडं!" सयाजीच्या मोबाइलात सगळ्या वाडीचे फोटो होते, गुळव्याचा एकही नव्हता.

मग एकदा टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसं आली. मेंढीपालनावर त्यांना काहीतरी करायचं होतं. त्यातल्या बाईनं बनुबाईला आजी आजी करून असं गोड बोलून घेतलं की म्हातारी विरघळली. पण मनात भीती होतीच. एका मोबाइलची दृष्ट लागते, तर टीव्हीतून सगळं जग बघणार. म्हणून तिनं उपाय केला. आदल्या दिवशी गुळव्याला धुतला आणि कपाळापासून शेपटीपर्यंत गुलाबी रंगानं रंगवून काढला. वर गोंडे, घुंगरं, झूल.

"जगाची नजर रंगावर पडू दे," ती अपेक्षाला म्हणाली. "कातड्यावर नगं."

कार्यक्रम लागला तेव्हा सगळी वाडी माझ्यापुढं बसली होती. अपेक्षानं भरून ठेवायचं लाल बटण दाबलं आणि मी तो सगळा पोटात घेतला. बघताना मला एक गंमत दिसली. घरातलं माणूस टीव्हीत दिसलं की जनावराकडं कुणी बघत नाही. सगळे बनुबाईला बघत होते. तिचं लुगडं, तिची बोलण्याची ढब, तिच्या कानातली फुलं. "आजे, हिरॉइन झालीस की गं!" असं कुणी म्हणायचं आणि ती तोंडाला पदर लावायची. मेंढा तिच्या शेजारीच होता, पण तो काय रोजचाच.

पुढच्या उन्हाळ्यात गुळव्या हरवला.

इस्लामपूरच्या अलीकडं कॅनॉलच्या रस्त्यावर दोन खांडं समोरासमोर आली. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर गाणी वाजवत मधून घुसला. मेंढरं उधळली, मिसळली, उसात शिरली. वेगळी करता करता अंधार पडला. सकाळी सयाजीनं मोजली तर गुळव्या नव्हता. दुसऱ्या खांडाचा माणूस तोवर पुढं निघून गेला होता.

सयाजी पावसाच्या तोंडावर घरी आला. बनुबाई दारात भाकरी घेऊन उभी होती. तिनं खांडावरून नजर फिरवली, परत फिरवली.

"माझा कुठाय रं?"

सयाजीनं कॅनॉलवरचं सगळं सांगितलं.

त्या दिवसापासून तिनं माझ्यावर फडकं टाकलं. "ह्या डब्यानंच केलं," ती म्हणाली. "जगाला दावला त्याला. रंग पुरला न्हाई." अपेक्षा बातम्या बघायला फडकं काढायची, पण तो कार्यक्रम परत लावायचा नाही असा म्हातारीचा हुकूम होता. मला बोलता आलं असतं तरी मी काय बोललो असतो? दाखवणं हेच माझं काम. पण मला लागलं ते. मोठं वर्ष होतं ते माझ्यासाठी.

मग आकाराम आला. हा जतचा डिश बसवणारा, मोटरसायकलवर वायरीची वेटोळी घेऊन फिरणारा.

"वहिनी, जुनी रीत बंद हुणार हाय. एमपेग दोन जाणार, चार येणार. ह्या डब्याला आता थोडं दिवस. नवा फुकट देतोय, जुना मी नेतो."

"आणि आमचं आतलं?" अपेक्षानं विचारलं.

"कार्ड तेच ठेवतो की. कार्ड काढून नव्यात घालतो."

अपेक्षाचं समाधान झालं. तिला वाटलं, मोबाइलातले फोटो जसे कार्डात असतात तसा कार्यक्रमही कार्डात असणार. आकारामला वाटलं, ती चॅनलांबद्दल विचारते आहे. दोघंही खरं बोलले आणि मी पोत्यात गेलो.

जतला त्याच्या दुकानामागं आम्ही डबे पोत्यातून एकावर एक रचलेले होतो. सगळे काळे, सगळे सारखे. ट्रक आला की भंगारात जायचं. मला भीती वाटली नाही, पण वाईट वाटलं. माझ्या पोटात गुळव्या होता आणि ते कुणाला आठवत नव्हतं.

आठवलं ते बाजारामुळं. हे मी पुढं ऐकलं, तसं सांगतो. आठवडी बाजारात सयाजी कोकरं घेऊन गेला होता. तिथं मायाप्पा नावाच्या, कर्नाटकाच्या सीमेकडच्या एका धनगराच्या दोरीला त्याला गुळव्या दिसला. सयाजीनं हाक मारली, मेंढ्यानं मान वळवली. सयाजीनं दोरी धरली. मायाप्पानं हात धरला.

"माझा हाय."

"तुझा? आरं, मांडीवर वाढवलाय माझ्या आईनं!"

"माझा बी असाच हुता. कॅनॉलवर खांडं मिसळली, दोन दिस गावला न्हाई, मग उसाच्या कडंला ह्यो भेटला. तवापास्नं माझ्याकडं हाय. माझाच हाय."

मायाप्पा लबाड नव्हता. त्याचाही मेंढा त्याच गडबडीत गेला होता, आणि हा सापडल्यावर आपलाच मिळाला असं त्यानं धरलं होतं. मारामारी व्हायची ती लोकांनी थांबवली आणि दोघांना केरूआबांकडं आणलं. केरूआबा वाडीच्या गावचे पोलीस पाटील. कमी बोलणारा माणूस, म्हणून लोक त्यांचं ऐकतात.

बनुबाईनं सगळ्या खुणा सांगितल्या. पाठीवर ढेपेएवढा डाग. जिभेखाली डाव्या बाजूला काळा ठिपका, चिंचोक्यासारखा. मायाप्पानंही त्याच खुणा सांगितल्या. तो तरी का सांगणार नाही? इतके महिने त्यानं त्याला चारलं होतं, औषध पाजताना तोंड उघडलं होतं.

केरूआबा म्हणाले, "आज काय दिसतंय ते दोघांनाबी म्हाईत हाय. आदी कुणाकडं हुता ते कळाय पायजे. फोटू हाय का कुणाकडं?"

मायाप्पाचा मोबाइल साधा, बटणाचा. सयाजीनं आईकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती.

तेव्हा अपेक्षा बोलली. "आबा, फोटू न्हाई. पर टीव्हीत आलता त्यो. आमच्या डब्यात हाय."

"मग पुढच्या बाजाराच्या आदी दावा. न्हाई दावला, तर ज्याच्या दोरीला हाय त्याच्या दोरीला ऱ्हाईल. तवर मेंढा माझ्या गोठ्यात."

अपेक्षा घरी पळत आली, नवा डबा लावला, सगळीकडं शोधलं. नव्याच्या पोटात चकतीच नव्हती. "आत्या," ती सासूला म्हणाली, "मीच दिला गं त्याला. माझ्याच हातानं दिला."

दुसऱ्या दिवशी सयाजी आणि ती आकारामच्या दुकानात. मी पोत्यातून तिचा आवाज ओळखला.

"भाऊजी, आमचा डबा?"

"आवं वहिनी, ह्यातला कुठला तुमचा?"

"त्याच्यावर भंडारा हाय."

आकारामनं पोतं ओतलं आणि हसायला लागला. "बघा की. समद्यांवर हळद हाय. दसरा काय तुमच्याच घरी व्हतो?"

खरंच होतं. आम्ही सगळे पिवळे होतो.

"मग एकेक लावून बघू," अपेक्षा म्हणाली.

"लय येळ जाईल."

"जाऊ दे. एक मेंढा गावायला आमी वरीसभर थांबलोय."

एकेक डबा टीव्हीला जोडायचा, आत कशाची नावं दिसतात ते बघायचं. नावं दिसतात, कुलूप उघडत नाही. एकात नुसती क्रिकेट होती. एकात लहान पोरांची कार्टूनं, शेवटपर्यंत. एकात कुणीतरी एकच पिक्चर परत परत भरून ठेवला होता, आणि त्यावर आकाराम आणि सयाजी दोघंही हसले. एक अगदी रिकामा होता. कोण कुठली माणसं, पण एवढ्या वर्षांत काय जपलं ते तिथं जमिनीवर पडलेलं दिसत होतं. मग माझी पाळी आली. मी नेहमीसारखाच वेळ लावला. सयाजी म्हणाला, "ह्योच असंल, लय आळशी हाय," आणि पडद्यावर शेतीच्या कार्यक्रमाचं नाव आलं.

अपेक्षानं मला उचलून छातीशी धरलं. एवढा मोठा मी, तिच्या साडीला सगळी हळद लागली.

आकारामनं डोकं खाजवलं. "नाव दिसलं, पर चित्र दिसायला कार्ड परत ह्याच्याशी जोडावं लागंल. कंपनीला फोन करतो. मग छत्रीतनं वरनं निरोप येतोय, तवा कुलूप निघतं. अजून जुनी रीत चालू हाय, म्हणून जमंल. दोन-चार दिसांनी ह्याला वर कोण वळखणार न्हाई."

बाजाराच्या आदल्या दुपारी बनुबाईच्या घरात माणसं मावेनात. केरूआबा खुर्चीवर. मायाप्पा उंबऱ्याजवळ, गुडघ्यावर हात ठेवून. आकाराम मला जोडत होता. बनुबाई भिंतीला टेकून, मला बघायचंच नाही अशी बसलेली. मेंढा बाहेर, बाभळीला बांधलेला, सारखा ओरडत होता.

कार्ड तोंडात आलं, वायर पाठीला लागली. आकाराम फोनवर कुणाला तरी नंबर सांगत होता. मी वर कान लावून बसलो. बराच वेळ काही नाही. मग आभाळातून माझ्या नावानं निरोप आला आणि कुलूप निघालं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. कुणीतरी विसरलेलं नाव परत घेतलं, एवढंच.

कार्यक्रम सुरू झाला. बनुबाई दिसली. तिच्या शेजारी मेंढा दिसला.

मेंढा गुलाबी होता. पाठ गुलाबी, पोट गुलाबी, वर झूल. ढेपेएवढा डाग कुठंच नाही.

मायाप्पा हळूच म्हणाला, "ह्यो तर लग्नातला हाय."

मागं कुणीतरी हसलं. सयाजीनं कपाळावर हात मारला. "आई, कशाला रंगवलास गं!"

बनुबाईचं तोंड एवढंसं झालं. दृष्ट लागू नये म्हणून जे केलं, तेच आडवं आलं होतं. मला ठाऊक होतं पुढं काय आहे ते. सगळं माझ्याच पोटात होतं. पण मला ओरडता येत नाही. जे ज्या क्रमानं भरलं, त्याच क्रमानं दाखवायचं. मी दाखवत राहिलो.

टीव्हीतली बाई म्हणत होती, "आजी, किती देखणा आहे हो तुमचा मेंढा. दृष्ट लागेल."

टीव्हीतली बनुबाई म्हणाली, "न्हाई लागायची. बिरोबानं जन्मतानाच तीट लावलीया त्याला. हे बघा." आणि तिनं गुळव्याचा जबडा धरला, तोंड उघडलं, बोटानं जीभ वर केली.

अपेक्षा किंचाळली, "थांबा, थांबा! जीभ दावतीया!" तिनं चित्र थांबवलं.

पण गुळव्या त्या वेळी मान झटकत होता, घुंगरं उडत होती, आणि मी त्याच्यामागं पळत होतो. पडद्यावर गुलाबी, तांबडे, काळे चौकोन. दुसरं काही नाही.

मायाप्पा पुढं वाकला. "ह्यात काय दिसतंय? चौकटी हायत्या नुसत्या."

"दिसत न्हाई खरं," केरूआबा म्हणाले.

अपेक्षानं ऐकलं नाही. ती चित्र एकेक पाऊल पुढं नेत राहिली. चौकोन. परत चौकोन. मी मनात म्हणत होतो, अजून थोडं, पोरी, अजून थोडं. त्याला उभा राहू दे.

आणि मग टीव्हीतल्या बनुबाईनं दुसऱ्या हातानं त्याच्या गळ्याखाली खाजवलं. ते त्याला लहानपणापासून आवडायचं. गुळव्यानं डोळे मिटले आणि तोंड तसंच उघडं ठेवून उभा राहिला. मेंढा थांबला, तसा मीही दम घेतला. चौकोन एकमेकांत मिसळले. गढूळ पाणी खाली बसावं तसं चित्र निवळलं. ओठ दिसले, दात दिसले, गुलाबी जीभ. आणि जिभेखाली, डाव्या बाजूला, काळाभोर चिंचोका.

अपेक्षानं बटणावरचं बोट उचललं.

केरूआबा उठले, बाहेर गेले. मायाप्पा त्यांच्यामागं. बाभळीखाली त्यांनी मेंढ्याचं तोंड उघडलं, जीभ वर केली. मला ते दिसत नव्हतं. मला नुसता आवाज आला. मायाप्पाचा.

"हौदु," तो त्याच्या कानडीत म्हणाला. "व्हय. त्योच हाय."

तो आत आला आणि बनुबाईच्या समोर बसला. मला वाटलं रागावेल. पण त्याचे खांदे खाली आले होते, डोक्यावरचं वझं कुणी उतरवून घेतल्यासारखे.

"आजे, खरं सांगू? माझा मेंढा माझ्या हातानं कवा खायाचा न्हाई. ह्यानं पहिल्याच दिशी हातातली भाकरी वढून खाल्ली. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पर माझा गेला असं म्हणवंना मला. म्हणून ह्यालाच माझा म्हटलं. लय दिस नीट झोपलो न्हाई. आता झोपीन."

बनुबाईनं उठून त्याच्यापुढं तांब्या ठेवला. मग म्हणाली, "इतकं दिस चारलास माझ्या लेकराला. वाळला न्हाई, उलट अंगानं भरलाय. ह्या सालची त्याची कोकरं बघायला ये. नराचं कुठलंबी एक उचल. तुला पटंल त्ये."

"आजे, नगं..."

"ये म्हटलं की यायचं. आणि कोकरू नेलं की आदी फोटू काढून ठीव मुडद्या. माझ्यासारखं करू नगस."

आता मात्र सगळे मोकळेपणानं हसले. केरूआबासुद्धा. सयाजी बाहेर जाऊन दोरी सोडत होता आणि सोडता सोडता रडत होता. मेंढा थेट घरात शिरला, माणसांच्या मांड्यांवरून, आणि शिंकाळ्याखाली जाऊन उभा राहिला, जिथं भाकरी असते.

संध्याकाळी माणसं गेल्यावर बनुबाई माझ्याजवळ आली. फडकं तिच्या हातात होतं. मला वाटलं परत झाकणार. तिनं त्या फडक्यानं मला पुसलं. जाळीतली जुनी हळद बोटानं काढली. "उगाच बोलली रं तुला," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. माझ्या अंगावरून एक वर्ष उतरलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जुनी रीत बंद झाली. त्याच्या आदल्या दुपारी अपेक्षानं विचारलं, "आत्या, उद्यापास्नं ह्यातलं दिसणार न्हाई. शेवटचं लावू का?"

बनुबाई दारात शेंगा फोडत होती आणि गुळव्या टोपलीत तोंड घालत होता.

"कशाला गं? ह्यो बघ की. हाकलला तरी जाईना."

अपेक्षानं लावलं नाही. मला वाईट वाटलं नाही. उलट फार बरं वाटलं.

आता कार्ड नव्या डब्यात आहे. माझ्या पाठीची वायर निघाली आहे. आकाराम पुढच्या फेरीला मला नेणार आहे. नव्या डब्याला मी नावं ठेवत नाही. त्याला चार नंबरची रीत येते, मेंढा पळाला तरी तो एवढा धापा टाकत नसेल.

जाता जाता तुम्हाला एवढंच विनवतो. तुमच्या घरी असा एखादा जुना डबा असेल आणि तो द्यायचा झाला, तर द्या, खुशाल द्या. आम्हाला कायमचं ठेवून घ्या असं मी म्हणत नाही. फक्त देण्याआधी एकदा लावून बघा, आत कोण राहिलंय का. कार्डाच्या भरवशावर राहू नका. आणि कुणी आत असेलच, तर तो अजून दारात उभा आहे का तेही बघा. असेल, तर बाहेर जाऊन त्याच्या गळ्याखाली खाजवा.

माझ्या पोटात मेंढा तसाच आहे, गुलाबी, डोळे मिटून. कुलूप लागलंय. पण त्याला शोधायला आता कुणी येणार नाही, कारण तो कुणाचा हरवलेला नाही. बाहेर टोपली उलटल्याचा आवाज येतोय आणि म्हातारी त्याला शिव्या देतेय. मी आता निवांत बंद होतो.